निरोपाची तारीख

२०२४ च्या ऑगस्टअखेर जर्मनीतल्या एका वृद्धनिवासातले माझे स्वयंसेवेचे वर्ष संपले. ते कधी संपणार हे माझ्यापेक्षा तिथल्या कचेरीला अधिक नेमके ठाऊक होते. जून महिन्यातच माझ्या उरलेल्या रजेचे दिवस मोजून झाले होते आणि शेवटच्या दिवशी काय काय परत करायचे याची यादी माझ्या हातात आली होती: कपाटाची किल्ली, कामावर घालायचे तीन सदरे, छातीवर लावायचा नावाचा बिल्ला. ज्या आजोबांना मी रोज संध्याकाळी बागेत फिरवून आणत असे, त्यांना विभागप्रमुख बाईंनी माझ्यासमोरच, त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे जरा मोठ्या आवाजात, सांगितले की हा मुलगा सप्टेंबरपासून इथे नसेल. आजोबांनी याच्या जागी कोण येणार असे विचारले. बाई म्हणाल्या, नवा मुलगा येईल किंवा येणारही नाही. नाही आला तर तुमचे फिरणे कमी होईल, पण जेवण आणि औषध चुकणार नाही. त्या वेळी मला ते उत्तर कोरडे वाटले आणि थोडा रागही आला, कारण आपल्या जाण्याने काहीतरी अडावे अशी इच्छा प्रत्येकाच्या मनात असतेच. गावी परतून काही महिने गेल्यावर मात्र त्या कोरड्या उत्तरामागे एक विचारपूर्वक ठरवलेले धोरण आहे हे माझ्या ध्यानात आले. आपल्याकडे, निदान आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत, नेमके तेच धोरण नाही.

ज्या योजनेतून मी गेलो ती जर्मन सरकारच्या विकास सहकार्य मंत्रालयाची आहे. 'वेल्टव्हेर्ट्स', म्हणजे साधारण 'जगाच्या दिशेने', या नावाने २००८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा फक्त जर्मन मुलेमुली आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत जात असत; आपल्यासारख्या देशांतल्या तरुणांनी उलट दिशेने जर्मनीत जाऊन काम करण्याची सोय नंतर झाली. विमानभाडे, राहणे, जेवण, विमा आणि हातखर्चापुरते पैसे मिळतात, पगार मिळत नाही. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाला हे अजून पटलेले नाही. पारावरच्या एका काकांनी मला सरळ विचारले, “इमानात बसून फुकट राबाले गेलता काय रे बापा?” त्या प्रश्नात थट्टा होती तेवढाच एक खरा मुद्दाही होता. फुकट राबणे आणि स्वयंसेवा यांत फरक काय, आणि तो कोणी ठरवायचा?

जर्मनीत तो फरक कायद्याने ठरवला आहे. तिथे पोहोचल्यावर आम्ही 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट' म्हणजे केंद्रीय स्वयंसेवेच्या कायद्याखाली येतो. हे नाव तिथल्यांनाही जड वाटत असावे, कारण अशा स्वयंसेवकाला ते नुसते 'बुफ्दी' म्हणतात, आणि वर्षभर माझी ओळख तीच होती. त्या देशात सक्तीची लष्करभरती होती तेव्हा बंदूक हातात घ्यायला नकार देणाऱ्या तरुणांना १९६१ पासून नागरी सेवा करावी लागे, आणि रुग्णालयांतली व वृद्धनिवासांतली कितीतरी कामे या तरुणांच्या जोरावर चालत. २०११ मध्ये सक्तीची भरती स्थगित झाली, तरुणांचा हा ओघ एकाएकी आटला, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी नवी सेवा सुरू झाली. पगारी माणसांची जागा बिनपगारी मुलांनी भरून काढण्याचा मोह अशा वेळी कोणत्याही सरकारला होणारच. तो मोह ओळखूनच कायद्यात एक अट घातलेली आहे: स्वयंसेवकाने करायचे काम पूरक असले पाहिजे, त्यामुळे कोणाची पगारी जागा जाता कामा नये आणि नवी पगारी जागा निघण्यातही अडथळा येता कामा नये. मुदतही बांधलेली आहे, साधारणपणे १२ महिने आणि अगदी अपवाद म्हणून २४. वर्षातले २५ दिवस प्रशिक्षणाचे असतात, आणि आरोग्य, अपघात, निवृत्तिवेतन या विम्यांचे हप्ते काम घेणाऱ्या संस्थेने भरायचे असतात.

हा नियम तिथे काटेकोर पाळला जातो असे चित्र मी उभे करणार नाही. जानेवारीत सर्दी-तापाची साथ आली आणि आमच्या मजल्यावरचे चार कर्मचारी एकदम रजेवर गेले, तेव्हा मी सलग नऊ दिवस अशी कामे केली जी माझ्या करारात नव्हती: अंघोळ घालणे, कुशीवर वळवणे, रात्री दोन वाजता चादर बदलणे. औषधांच्या ट्रॉलीला मात्र मला त्या नऊ दिवसांतही कोणी हात लावू दिला नाही, आणि दहाव्या दिवशी प्रशिक्षणवर्गातल्या बाईंनी हे सगळे माझ्याकडून लिहून घेतले, त्या संस्थेला विचारणा केली, आणि पुढच्या महिन्यात मला नऊ दिवसांची बदली सुट्टी मिळाली. नियम मोडला जातोच. पण मोडला तर तक्रार कुठे करायची हे अठरा-वीस वर्षांच्या परदेशी मुलालाही ठाऊक असते. शिवाय तिथल्या वृद्धांची देखभाल करायला माणसे कमी पडतात याचे उत्तर त्यांनी स्वयंसेवकांत शोधलेले नाही. ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मी होतो त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत करार केला तो आपल्याकडच्या १० हजार कुशल तरुणांना तिथे नोकरीवर पाठवण्यासाठी. म्हणजे पगारावर.

आता माझ्या गावाकडे येतो.

मी परतलो तेव्हा गावात महालक्ष्म्या बसायच्या होत्या. जेवणाच्या दिवशी घरात सकाळपासून धांदल होती, चुलीवर आंबील शिजत होती, सोळा भाज्यांतल्या दोन अजून चिरायच्या होत्या, आणि अशा वेळी माझी मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, हात पुसून, खांद्याला पिशवी अडकवून निघाली. ती २००९ पासून गावची आशा आहे. पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका बाईचे बाळ त्या दिवशी चौदा दिवसांचे झाले होते आणि चौदाव्या दिवसाची भेट तिला चुकवायची नव्हती. मी तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. शेवटचे अर्धा किलोमीटर गाडी जात नाही. सप्टेंबरातली काळी माती चपलेला अशी चिकटते की दर दहा पावलांवर काडीने खरवडावी लागते.

झोपडीत शिरल्यावर तिने आधी साबणाने हात धुतले. मग पिशवीतून कापडी झोळी काढली, बाळाला तीत ठेवले, झोळी काट्याच्या आकड्याला अडकवली आणि काटा डोळ्यांसमोर येईपर्यंत हात वर उचलला. २ किलो २०० ग्रॅम. सातव्या दिवशी हे बाळ २ किलो ५० ग्रॅम होते. नंतर तिने बाळाच्या अंगावरचे फडके बाजूला केले, घड्याळ काढले आणि पोटाच्या हालचालीकडे पाहत एक मिनिट श्वास मोजले. त्या मिनिटात झोपडीतले कोणी बोलले नाही, बाहेरच्या पोरांनाही बाळाच्या आजीने हाताने गप्प केले. अठ्ठेचाळीस. साठ किंवा त्याहून जास्त भरले असते तर आम्ही त्या बाळाला घेऊन चिखलातून तसेच दवाखान्याकडे निघालो असतो. तिने ताप पाहिला, आईला बाळ कसे छातीशी धरायचे ते पुन्हा दाखवले, फॉर्म भरला आणि आम्ही परतलो. तोपर्यंत घरी नैवेद्य होऊन गेला होता.

नवजात बाळाच्या घरी जाऊन असे तपासण्याची ही पद्धत दिल्लीहून आलेली नाही, ती आपल्या विदर्भातली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, पुढे ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि त्यामुळे बालमृत्यू कसे घटले हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधातून जगापुढे मांडले. २०११ पासून देशभरच्या आशांकडे हे काम आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि त्या सगळ्या पूर्ण झाल्यावर आशेला मिळतात २५० रुपये. भागाकार वाचकांनीच करावा. कमी वजनाच्या बाळाकडे अधूनमधून आणखी एखादी फेरी होतेच, आणि चिखल तुडवण्याचा दर त्या तक्त्यात कुठे दिलेला नाही.

आशा योजना २००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई निवडायची, तिला शिकवायचे आणि गाव व दवाखाना यांच्यामधला दुवा करायचे, ही कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. सरकारी कागदात तिला 'आशा स्वयंसेविका' म्हणतात, तिला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, 'मोबदला' म्हणतात. आमच्या गावात मात्र लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिला 'आशा वर्कर' म्हणतात. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसांनी निवडलेला हा शब्द मला सरकारच्या शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो. गावाने तिचे काम पाहून नाव दिले, सरकारने आपली जबाबदारी पाहून दिले.

कोण स्वयंसेवक आणि कोण कामगार हे ओळखण्यासाठी विभागप्रमुख बाईंचे ते कोरडे उत्तर मला आता कसोटीसारखे वापरता येते. माणूस उठून गेला तर काय अडेल? मी गेलो आणि एका आजोबांचे संध्याकाळचे फिरणे कमी झाले. त्याचे मला वाईट वाटते, पण माझ्या जाण्याने कोणाच्या जिवावर बेतले नाही. याच कसोटीला मोठी आई लावून पाहावी. मी जर्मनीत असतानाच, २०२४ च्या सुरुवातीला, महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. तीही गावातल्या दोघींबरोबर रेल्वेने जाऊन आठ दिवस तिथे होती. त्या दिवसांत गावात काय झाले ते मला घरून फोनवर कळत होते. क्षयाच्या एका रोग्याच्या गोळ्यांत खंड पडला, दोन बाळंतिणींकडे कोणी फिरकले नाही, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात सिस्टर आल्या पण कोणाचे बाळ कधी यायचे आहे हे सांगणारे तिथे कोणी नव्हते, कारण ते एकीच्या डोक्यात आणि तिच्या वहीत होते. जिच्या जाण्याने हे सारे थांबते तिला पूरक म्हणता येत नाही. तिच्याशिवाय आमच्या गावात सरकारी आरोग्यसेवा म्हणून फारसे काही उरत नाही.

यावर एक आक्षेप मी चांगल्या, सेवाभावी माणसांकडून ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विदर्भ ही सेवेची भूमी आहे, इथे पैशाशिवाय माणसे आयुष्यभर झिजली, आणि प्रत्येक कामाला पगाराचा भाव लावला तर ती परंपरा संपेल, असे ते म्हणतात. परंपरेचा दाखला घ्यायचाच तर नीट घ्यावा. अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा एखाद्या गावात आले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत, रात्री कीर्तनात लोकांच्या मनातला केर काढत आणि पुढच्या गावाला निघून जात. ते कायमचे राहिले नाहीत, यातच त्या झाडण्याचा अर्थ होता: उद्या सकाळी खराटा गावाने हातात घ्यावा. एखाद्या ग्रामपंचायतीने बाबांचे नाव घेऊन सफाई कामगाराला वर्षानुवर्षे बिनपगारी राबवले, तर त्याला बाबांची परंपरा म्हणायची का? परदेशी सेवकांचा अनुभवही विदर्भाला नवा नाही. मॅडलिन स्लेड, म्हणजे आपल्या मीराबेन, १९२५ मध्ये इंग्लंडहून गांधीजींकडे आल्या, १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले त्याच्या आधी त्या तिथे जाऊन राहिल्या होत्या, आणि आज बापूकुटी म्हणून लोक जिच्या दारात चपला काढतात ती मुळात मीराबेनची झोपडी होती. त्याही १९५९ मध्ये युरोपात परतल्या. तीन दशकांहून अधिक काळ इथे काढलेल्या बाईंनासुद्धा परतीची वाट मोकळी होती. मोठी आई कुठे परतणार? ती तर आपल्याच गावात आहे, आणि म्हणूनच तिची सेवा गृहीत धरणे सगळ्यांना सोपे जाते. स्वयंसेवक येताना स्वतःहून येतो तसा जातानाही स्वतःहून जाऊ शकला पाहिजे. माझ्यासाठी जर्मनीचे दार उघडे होते, जर्मनीतून बाहेरचेही होते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. देशात सुमारे १० लाख आशा आहेत. त्या सगळ्यांना सरकारी नोकराची वेतनश्रेणी लावणे कोणत्याही अर्थमंत्र्याला अवघड जाईल. शिवाय मला स्वतःला आणखी एक भीती वाटते. सरकारी नोकरी म्हटली की भरती, पदवी आणि बदली आली, आणि उद्या आमच्या पोडावर आठवी शिकलेल्या मोठ्या आईऐवजी नागपूरची कोणी पदवीधर मुलगी नेमली गेली, जी बदलीच्या अर्जावर दिवस काढील, तर योजनेचा प्राणच जाईल. म्हणून आशेला थेट कायम करा एवढीच घोषणा मला अपुरी वाटते. पण सरकारी नोकर आणि स्वयंसेविका यांच्या मधे बरीच जागा आहे, आणि त्या जागेचे नाव कामगार आहे. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनेच शिफारस केली होती की अशा योजनांत राबणाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यांनाही कागदावर मानधनच मिळत होते. आशांच्या बाबतीत मात्र केंद्राने १० वर्षे सेवा करून बाहेर पडणाऱ्या बाईसाठी २०,००० रुपये आणि सन्मानपत्र अशी तरतूद केली. रक्कम पुढे वाढली किंवा वाढेल. मला खटकतो तो सन्मान हा शब्द. सन्मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, ग्रॅच्युइटी कोर्टात मागता येते.

माझे मागणे यापेक्षा फार मोठे नाही. जी कामे वर्षभर, दर महिन्याला करावीच लागतात त्यांना तुकड्यातुकड्यांनी भाव न लावता एक ठरीव वेतन द्यावे आणि ते किमान वेतनापेक्षा कमी नसावे. भविष्यनिर्वाह निधी आणि अपघाताचा विमा असावा. आजारपणाची आणि सणाची रजा असावी व त्या दिवशी शेजारच्या गावची आशा तिचे काम पाहील अशी व्यवस्था असावी. आणि कामांची यादी कुठेतरी बंद व्हावी. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. गेल्या काही वर्षांत आयुष्मान कार्डापासून तऱ्हेतऱ्हेच्या सर्वेक्षणांपर्यंत जे जे कोणाच्याच टेबलावर मावले नाही ते आशेच्या पिशवीत आले, आणि वर ते सगळे मोबाइलवर भरायचे. दर रविवारी मोठ्या आईच्या त्या ऑनलाइन नोंदी मीच भरून देतो. कागदोपत्री स्वयंसेविकेचा हा बिनकागदी स्वयंसेवक. जर्मनीतल्या प्रशिक्षणवर्गातल्या बाईंना कळले तर त्या माझ्याकडून पुन्हा सगळे लिहून घेतील.

जाणाऱ्या मुलांविषयीही एक सांगायला हवे. आता विदर्भातल्या गावांतून अशा योजनांत जाणारे तरुण वाढतील, आणि त्यांनी जावे. पण परतल्यावर आपण तिथे काय शिकलो याचे भाषण शाळेत करून थांबू नये. आपल्याला जे नियम, जो विमा, जी मुदत मिळाली ती आपल्या घरातल्या कोणत्या बाईला मिळालेली नाही, हे एकदा शांतपणे मोजावे. हा फरक आम्हालाच दिसतो, कारण दोन्ही बाजूंना स्वयंसेवक हा एकच शब्द कसा वापरला जातो हे आम्ही पाहिलेले असते.

जर्मनीहून येताना मला एक प्रमाणपत्र मिळाले होते. दोन पानांचे आहे. सुरुवातीला कधीपासून कधीपर्यंत काम केले त्या दोन तारखा, मग मी केलेल्या कामांची तपशीलवार यादी, मग स्वभावाविषयी चार ओळी आणि सही. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या आईने ते मला मराठीत वाचून दाखवायला लावले. आजोबांना फिरवून आणणे, पाव कापून देणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, असे एकेक ऐकताना ती म्हणाली, “इतकं बारीक बारीक लिहून देते थे लोकं?” मग थोड्या वेळाने तिनेच सुचवले, “माह्याही कामाचं असं एक लिहून दे मले.” मी लॅपटॉप उघडून तोच नमुना मराठीत उतरवला. कामांची यादी तिसऱ्या पानावर गेली तरी ती आठवून आठवून सांगतच होती. वरच्या तारखा राहिल्या होत्या. 'पासून' पुढे मी २००९ लिहिले आणि 'पर्यंत' पुढे काय लिहू असे तिला विचारले. तिने चष्मा काढून पुसला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “थे तसंच राहू दे. उद्या पोडावर बेचाळीसचं बाळ आहे, सकाळी आठले गाडी काढ.”